दिवेलागणीच्या आत घरी

तात्या तुमच्याकडे बघायला लागले की आपण काहीतरी चोरलंय असं तुम्हालाच वाटायला लागायचं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघणं त्यांना ठाऊकच नव्हतं. आधी अख्खी मान वळायची, मग चेहरा तुमच्या बरोबर समोर येऊन थांबायचा, आणि मग ते रोखून बघत राहायचे. मी पिंपळवंडीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून नवी आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी दारात उभं राहून माझी अशी तपासणी केली आणि विचारलं, "बाई, तुमी खरंच शिकलाय, का कुणाच्या वशिल्यानं आलाय?" मला राग आला. मी कपाटातून सर्टिफिकेट काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं नाही. कागदावरून अंगठा फिरवला, शिक्का उठलाय का ते चाचपलं आणि परत दिलं. "असू द्या," म्हणाले. माझी नोकरी त्यांनीच कायम केली असा त्यांचा थाट होता.

तात्या दूध डेअरीकडून गाई भरवायचं काम करायचे. कागदोपत्री त्याला कृत्रिम रेतन म्हणतात. लोक नुसतं 'इंजेक्शन' म्हणायचे आणि तात्यांना 'डॉक्टर'. सायकलच्या कॅरिअरला नायट्रोजनची टाकी बांधलेली, तिच्यात वळूंच्या गोठवलेल्या बीजाच्या बारीक कांड्या, आणि पिशवीत खांद्यापर्यंत येणारे प्लॅस्टिकचे हातमोजे. बरोबरीच्या सगळ्यांनी मोटरसायकली घेतल्या, तात्या सायकलवरच राहिले. विचारलं तर म्हणायचे, "मोटरसायकल मान्साच्या आधी पळती. मला माझ्या पुढं पळणारी वस्तू नको." मी बायकांची बाळंतपणं करायची, ते गाईंची, म्हणून ते मला 'आपल्या खात्यातल्या बाई' म्हणत. या नात्याने मला त्यांचे टोमणेही दुप्पट मिळत.

संशय हा त्यांचा जोडधंदा होता. माझ्याकडे चहाला आले की आधी टेबलाच्या कडेवरून हात फिरायचा, मग बशी सापडायची, मग कप. कप नाकाशी न्यायचे. "दूध कुणाकडचं?" मी नाव सांगायची. मग त्या गाईची आई कोण, बाप कितव्या नंबरचा वळू, हे सगळं ऐकवून झालं की पहिला घोट. "डोळ्यावर इस्वास ठिवू नये, बाई. डोळा लगीच भुलतो. हात भुलत न्हाई." अंगणात पायाला बादली लागली तर ती कुणीतरी मुद्दाम तिथे ठेवली, असा त्यांचा ठाम समज असे, आणि मग शेजारपाजारच्या सगळ्यांचा उद्धार व्हायचा. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी बादली उचलून नळाच्या डाव्या अंगाला ठेवायच्या. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तू वर्षानुवर्षं एकाच जागी असायची. "ह्यांना पसारा खपत न्हाई," एवढंच त्या म्हणायच्या.

आणि दिवेलागणीच्या आत तात्या घरात म्हणजे घरात. आमच्या भागात उसातून बिबट्या कधी बाहेर पडेल याचा नेम नसतो. अंधार पडायला लागला की सगळेच पोराबाळांना आत घेतात, शेळ्या कोंडतात. त्यामुळे तात्यांचं लवकर घरी पळणं कुणाला विचित्र वाटलं नाही, फक्त जरा जास्त वाटलं. लग्नाच्या पंगतीतून ते जिलबी पानात टाकून उठायचे. पोरं म्हणायची, "डॉक्टर, बिबट्याचा फोन आला व्हता का?" तात्या म्हणायचे, "व्हय. म्हनला, बाकीच्यांना सांगू नको." रात्री कुणी गाय माजावर आली म्हणून दार वाजवलं तर आतूनच उत्तर यायचं, "सांजची माजावर आली ना? मंग सकाळी भरवायची. शास्त्र हाय ते." आणि ते शास्त्र खरंच आहे, पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे. त्यामुळे कुणाला काही बोलता यायचं नाही. तात्या भित्रे आहेत यावर गावाचं एकमत झालं होतं, आणि मीही त्यात सामील होते.

एकदाच ते अडकले. माझ्या शेजारच्या शांताबाईंची गाय दुपारी अडली. वासराची मान मागे वळलेली. तात्या चार वाजता आले, हात कोपराच्या वर आत घातला, आणि त्यात वेळ गेला. सूर्य बुडाला आणि वीजही गेली. गोठ्यात काळोख. आम्ही सगळे एकमेकांच्या पायावर पाय देत होतो, कुणी टॉर्च शोधतंय, कुणी शेणात घसरतंय. तात्या एकटेच शांत होते. "लाईट कशाला पायजे? गप उभं ऱ्हावा." कुठे दोरी आहे, कुठे तेलाची वाटी आहे, सगळं त्यांच्या हाताला माहीत होतं. टॉर्च सापडेपर्यंत वासरू बाहेर आलं होतं. नंतर मात्र ते घरी जाईनात. वासराशेजारी पोत्यावर बसून राहिले ते थेट उजाडेपर्यंत. "अशक्त हाय, ध्यान ठिवावं लागंल," म्हणाले. वासरू तर चांगलं टणक होतं. पण मुक्या जनावराला माणूस किती जीव लावतो, हे मी पुढचा महिनाभर गावात सांगत फिरले.

त्यांचा स्वतःवरही संशय होता, आणि त्याला कारण होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. एक काळ असा आला की शेतकऱ्यांच्या हातात वळूंची रंगीत पुस्तकं आली. फोटो, नंबर, मुलींचं दूध किती, कास कशी, पाठ कशी. त्यातला चारशे सतरा नंबरचा वळू सगळ्यांना आवडला. बेल्ह्याच्या बाजारात लोक गाय विकताना 'चारशे सतराची लेक' म्हणून सांगायचे आणि घेणारा पुढचं काही विचारायचा नाही. तात्यांकडे प्रत्येकाची एकच मागणी. तात्यांनीही तेच दिलं. कालवडी मोठ्या झाल्या, माजावर आल्या, तेव्हा तात्या म्हणाले, आता दुसरा वळू घ्या, हा हिचा बाप आहे. लोक ऐकेनात. ज्याच्या गोठ्यात तो नंबर नाही तो मागे पडला, अशी हवा होती. शेवटी तात्यांनी बापाचीच कांडी लेकींना भरली.

"एक न्हाई, धा-बारा गाई," ते म्हणाले. "वासरं झाली ती अशी, तीन दिवस उभी ऱ्हाईनात. एकाला तर डोळंच उघडंना. मालक म्हनला, डॉक्टर, कांडी खराब व्हती. कांडी चांगली व्हती, बाई. मी नंबर वाचत व्हतो, गाय वाचत नव्हतो." एवढं बोलून ते बराच वेळ बशीची कड चाचपत बसले. मी त्यांना दुसरा चहा विचारला, तो त्यांनी नको म्हटला.

मग तात्या निवृत्त झाले, सुमनवहिनी गेल्या, आणि बादल्या जागेवर ठेवणारं कुणी राहिलं नाही. मुलगा संतोष चाकणला कंपनीत नोकरीला होता. त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. एका संध्याकाळी कामावरून येताना तो मोटरसायकलसह रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत गेला. खड्डा दिसलाच नाही, म्हणाला. पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं की डोळ्याच्या मागचा पडदा हळूहळू झिजतोय. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग बाजूचं जातं, नळीतून बघावं तसं मधलं तेवढं राहतं, आणि पुढे तेही कमी होतं. हे आईकडून किंवा बापाकडून उतरतं, प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. घरात आणखी कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. संतोषने दवाखान्याच्या बाहेर येऊन मला फोन केला. म्हणाला, "बाई, तात्या बिबट्याला भीत नव्हते."

मी हातातलं काम टाकून खाली बसले. मान वळवून बघणं, टेबलाची कड, सायकल, जिलबी, पोत्यावर काढलेली ती रात्र. वासरासाठी नाही, त्यांना घरचा रस्ता दिसत नव्हता म्हणून ते तिथे बसले होते. मी नर्स आहे. लहान मुलांचे डोळे तपासून 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देत मी गावोगाव फिरले, आणि रोज समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाचं मला कळलं नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि तात्यांचा रागही आला. तशीच उठून त्यांच्याकडे गेले.

"माझ्या बापालाबी व्हतं," तात्या म्हणाले. "म्या कुणाला सांगायचं? आंधळ्याच्या हाती गाय कोन देईल? सुमनला म्हाईत व्हतं, बास. संतोष ल्हानपनी रात्रीचा अंगनात पळायचा, बाई. म्या मुद्दाम बघायचो. पायाला काय लागलं तर आवाज येतो का, ऐकत बसायचो. म्हनलं, सुटला."

संतोष आणि प्रियांका, त्याची बायको, दोघांनी ठरवलं की मूल हवं, पण हे त्याच्यापर्यंत जायला नको. पुण्यात एक सेंटर होतं. तिथे शरीराबाहेर गर्भ तयार करतात, प्रत्येकाच्या दोन-चार पेशी तपासतात आणि ज्यात हा दोष नाही तोच आईच्या पोटात ठेवतात. पण दोष वरून खाली नक्की कसा उतरला हे जुळवायला तात्यांचं रक्त हवं होतं. त्याशिवाय निवड खात्रीची होणार नाही, असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. तात्या म्हणाले, आधी जागा बघतो. मग मी, तात्या, संतोष आणि प्रियांका असे चौघं गेलो.

माझंही मन निःशंक नव्हतं. आयुष्यभर मी 'गर्भलिंग तपासणी केली जात नाही' अशा पाट्यांखाली बसलेली माणसं पाहिली होती, आणि पाटीखालीच हळू आवाजात काय विचारलं जातं तेही ऐकलं होतं. डॉक्टरबाई सरळ वाटल्या. मुलगा की मुलगी हे बघणार नाही, सांगणार नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. तात्यांनी मान वळवून त्यांना पूर्ण बघून घेतलं. तेवढ्यात कॉरिडॉरमधून एक माणूस नायट्रोजनची टाकी ढकलत गेला आणि तात्या ताडकन उठून त्याच्यामागे गेले. टाकीवर हात ठेवला.

"हीच. माझी ल्हान व्हती," ते म्हणाले, आणि डॉक्टरबाईंकडे वळले. "ह्यात नायट्रोजन कोन भरतं? रविवारी कोन बघतं? कांडीवरचा नंबर किती जन वाचत्यात? येकच का दोगं?"

डॉक्टरबाई चकित झाल्या. दोघं वाचतात, म्हणाल्या. असे प्रश्न आजवर कुणी विचारले नव्हते, असंही म्हणाल्या.

"मंग बाकीच्यांचं काय करता?"

"कोणाचं?"

"ज्यात निघंल त्यांचं."

"ते वापरत नाही, काका."

"वापरत न्हाई म्हंजी?"

"टाकून देतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. संतोष खाली बघायला लागला. तात्यांनी मान हलवली.

बाहेर पडताना सेंटरच्याच एका तरुणाने आम्हाला गाठलं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. परदेशात आता उंची, बुद्धी यांचेही अंदाज काढतात, आपल्याकडे अजून नाही, पण सगळी माहिती जपून ठेवली तर पुढच्या बाळाच्या वेळी उपयोगी पडेल, असं त्याचं गोड आवाजात चाललं होतं. तात्यांनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "फोटूचं पुस्तक हाय का?" तो हसला. तात्या हसले नाहीत. "आमच्याकडं व्हतं," म्हणाले, आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं होतं.

नारायणगावला उतरल्यावर ते संतोषला म्हणाले, "म्या रगत देनार न्हाई."

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. प्रियांका मला फोन करून रडायची. संतोष शनिवारी घरी यायचा आणि बापलेक भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मी तात्यांना समजवायला गेले तर त्यांनी माझ्यावरच संशय घेतला, सेंटरने मला काही कबूल केलंय का म्हणून. मी तशीच उठून आले. पण त्यांचं खरं दुखणं मला कळत होतं. ती निवडीची चाळणी पूर्वीच लावली असती तर तात्या त्यातून पार झाले नसते. संतोषही झाला नसता. पोटच्या पोराने यावं आणि म्हणावं की तुमच्यासारखं कुणी नको म्हणून तुमचंच रक्त द्या, हे कुठल्या बापाला गोड लागेल? आणि दुसऱ्या बाजूला प्रियांकाचंही मला पटत होतं. माहीत असून पोराला अंधारात ढकलायचं का, हा तिचा प्रश्न होता. 

तिसऱ्या रविवारी सकाळी तात्या माझ्या दारात उभे. बाही वर केलेली.

"घ्या," म्हणाले. "त्या सेंटरनं रगतासाठी दिल्याली नळी हाय ना तुमच्याकडं?"

मी त्यांना बसवलं. सुई टोचली तेव्हा ते स्वतःच बोलायला लागले. "काल सांजच्याला संतोष अंगनात आला. मला दिसत न्हाई, पर ऐकू येतं. त्याचा पाय बादलीला लागला. मंग म्हनला, कुनी ठिवली रं ही मदीच? माझ्याच आवाजात म्हनला, बाई. आन् बादली तर म्याच नळापाशी ठिवली व्हती. जागच्या जागी." नळी भरत आली. ते दुसरीकडे बघत होते. "त्याच्या पोरानं कशाला त्याच बादलीला अडखळायचं."

एक अट मात्र त्यांनी घातली. ती संतोषकडून सेंटरच्या फॉर्मवर लिहून घेतली आणि अंगठ्याने शाई वाळली का ते पाहिलं. फक्त एवढं एकच बघायचं. रंग, उंची, बुद्धी, आज जमत असो की उद्या, काही बघायचं नाही आणि आमचं काही जपूनही ठेवायचं नाही. "हे येक काढा. बाकी पोर यील तसं येऊ द्या."

सहा गर्भ तयार झाले. तिघांत दोष निघाला, तिघांत नाही. त्या दुसऱ्या तिघांपैकी एक म्हणजे सई. मुलगी झाली म्हटल्यावर गावाचा विश्वासच बसेना. पुण्यापर्यंत जाऊन, निवडून आणून, मुलगी? त्या निमित्ताने सेंटरवरचा माझा निम्मा संशय फिटला. तात्यांचा फिटला नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सई चार वर्षांची असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्यानंतर पावसाळ्यात ते गेले. उन्हाळ्यातल्या त्या दिवशी मी दिवे लागायच्या वेळेला त्यांच्याकडे गेले, तर अंगणातल्या सईने आधी अख्खी मान वळवली, मग चेहरा माझ्या समोर आणून थांबवला आणि रोखून बघत विचारलं, "तुम्ही खरंच नर्स आहात का?"

तात्या उंबऱ्यावर बसले होते. त्यांच्या हातात शेंगदाण्यांची वाटी होती.

"बघितलं?" ते हळूच म्हणाले. "आली तवापासनं मान अशीच वळवती. सेंटरवाल्यांनी नंबर चुकीचा वाचला, बाई. मला तवाच वाटलं व्हतं."

त्यांनी एक दाणा अंगणात फेकला. अंधार चांगलाच दाटला होता. मला स्वतःला तो कुठे पडला ते दिसलं नाही. "सई, शोध." ती पळाली आणि दाणा आणून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चाचपला. मग दुसरा टाकला, मग तिसरा, आणखी लांब. तेही तिने आणले. शेवटचा त्यांनी सगळ्या ताकदीनिशी भिरकावला.

"तो बादलीच्या मागे गेला," सई जागची न हलता म्हणाली. "मला इथूनच दिसतोय."

तात्यांनी वाटी खाली ठेवली. 

"मंग ही मान कुठनं आली?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मांडीवर बसून," मी म्हटलं. "दुसरं कुठून येणार?"

ते हसले. मग डोळे पुसले. "तिचं भलं झालं," म्हणाले. "म्या रगत दिलं ते बरं केलं. पर बाई, ती बाकीची तीन मला लई आठवत्यात. त्यांना रातचं दिसलं नसतं, येवढंच. हाताला दिसलं असतं की."

तात्या उभे राहिले आणि त्यांनी अंधारात हात पुढे केला. सईने तो धरला. एवढ्या वर्षांत या वेळेला त्यांना घराबाहेर पडताना मी कधी पाहिलं नव्हतं. दोघं रस्त्याच्या दिशेने निघाले.

"आबा, पायरी," सई म्हणाली, आणि तात्यांनी न चाचपता पाय पुढे टाकला.